बायोचार आधी मुरवा, मग मातीत घाला

नवा बायोचार थेट वाफ्यात मिसळला की पुढचे काही आठवडे बहुतेकांची निराशाच होते. रोपं खुरटतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि माणूस कंटाळून पुन्हा नुसत्या शेणखताकडे वळतो. दोष बायोचारचा नसतो. कोरा माठ पहिल्या दिवशी भरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकतो, तसंच इथे झालेलं असतं.

बायोचार म्हणजे लाकूड, काड्या, करवंट्या असा माल कमी हवेत, साधारण ४०० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून मिळालेला कोळसा. त्याच्या अंगभर सूक्ष्म छिद्रं असतात. खत म्हणून त्याची किंमत फारशी नाही. त्याचं काम साठवणुकीचं आहे. पण कोरा असताना तो तीन प्रकारे त्रास देतो. एक, अमोनियम स्वरूपातलं नत्र तो स्वतःच्या पृष्ठभागावर ओढून धरतो. दोन, ताज्या कोळशात थोडा सहज कुजणारा अंश उरलेला असतो. तो खाताना जिवाणू आजूबाजूच्या मातीतलं नत्र वापरून टाकतात. तीन, सोबत आलेल्या राखेमुळे त्याचा सामू (pH; ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) बहुधा ८ ते १० च्या घरात असतो. म्हणून मातीत जाण्याआधी त्याला पाणी, अन्नद्रव्यं आणि जिवाणू द्यायचे. याला कुणी चार्ज करणं म्हणतं, कुणी मुरवणं.

बायोचारचं नाव निघालं की ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीचा, टेरा प्रेटाचा, दाखला हमखास दिला जातो. तिथे शेकडो वर्षं सुपीक राहिलेल्या मातीत कोळसा आहे हे खरं, पण तो एकटा कधीच नव्हता. त्याच्यासोबत हाडं, माशांचे काटे, खापरं, घरातला ओला कचरा आणि मलमूत्र होतं. दाखला देताना हा अर्धा भाग गाळला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

आधी तुमची माती ओळखा

कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पावसात तिच्यातली अन्नद्रव्यं धुऊन जातात. बायोचारचा खरा फायदा अशा जमिनीत दिसतो. हलक्या, मुरमाड, वालुकामय मातीतही तो पाणी धरायला उपयोगी पडतो. मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती मुळातच ७.५ ते ८.५ सामूची, अनेकदा चुनखडीची असते, आणि पाणी तर ती स्वतःच भरपूर धरते. तिथे हात आखडता ठेवा आणि राख धुतल्याशिवाय बायोचार वापरू नका. नाहीतर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं, आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं चित्र दिसू लागतं. अनंत, इक्झोरा यांसारख्या आम्लधर्मी माती आवडणाऱ्या झाडांना तर बायोचार नसला तरी चालेल.

काय काय लागेल

खालचं प्रमाण २० लिटर कुटलेल्या बायोचारसाठी आहे. रंगाची २० लिटरची रिकामी बादली भरून घेतली की झालं. कोरड्या मालाचं वजन साधारण ४ ते ५ किलो भरतं. सुमारे ४० चौरस फुटांच्या वाफ्याला किंवा १२ इंची कुंड्या असतील तर डझनभर कुंड्यांना एवढा पुरतो.

- २० लिटरच्या दोन बादल्या आणि ५० लिटरचा एक प्लॅस्टिकचा ड्रम किंवा टब
- ज्यूटची गोणी, लाकडी मोगरी किंवा ठोकळा
- वाळू चाळायची चाळणी
- नाकातोंडावर बसणारा मास्क, हातमोजे
- सामू तपासायच्या कागदी पट्ट्या
- पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, ३० ते ४० लिटर
- निंबोळी पेंड ५०० ग्रॅम
- हाडांचा चुरा २५० ग्रॅम (ऐच्छिक)
- जीवामृतासाठी: ताजं शेण ५०० ग्रॅम, गोमूत्र ५०० मिली, गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम, झाडाखालची किंवा बांधावरची मूठभर माती
- झाकायला गोणपाट आणि पावसाळा असेल तर ताडपत्री

१. कोळसा नीट निवडा

विकत घेत असाल तर पिशवीवर माल कशापासून बनवला आणि आधीच चार्ज केलेला आहे का, हे लिहिलेलं असतं, ते वाचा. चार्ज केलेल्या मालाला या लेखातली चौथी आणि पाचवी पायरी लागत नाही, पण तिसरी (भिजवणं) आणि सातवी (चाचणी) तरीही करा. कोळशाच्या वखारीतला लाकडी कोळसाही चालतो. तिथे तळाला साचलेली चुरी स्वस्तात मिळते. तिच्यात माती-खडे असतात, एवढंच.

चालत नाही ते असं: दगडी कोळसा, बार्बेक्यूसाठीच्या विटा (त्यांत चिकटवणारे पदार्थ असतात), प्लायवूड, रंग किंवा पॉलिश लावलेलं लाकूड, वाळवीविरोधी औषध मारलेल्या फळ्या. भात गिरणीतली किंवा साखर कारखान्याच्या बॉयलरमधली राखाडी राख बायोचार म्हणून कुणी देऊ करेल. ती राख आहे. तिच्यात पालाश, चुना, सिलिका सापडेल, पण धरून ठेवणारा कार्बन जळून गेलेला असतो. काळी निघाली तरच तिचा विचार करायचा.

घरी करायचा असेल तर नरसाळ्याच्या आकाराचा, वर ३ फूट रुंद आणि २ फूट खोल खड्डा पुरतो. तुराट्या (तुरीच्या काड्या), पऱ्हाटी (कापसाच्या काड्या), सुबाभळीच्या फांद्या, करवंट्या, कणसांची बुरकुंडं, जे असेल ते खडखडीत वाळलेलं हवं आणि मनगटापेक्षा जाड नको. आग वरून लावा. खालच्या थरावर पांढरी राख धरू लागली की लगेच वर नवा पातळ थर टाका. वरची ज्योत हवा खाऊन टाकते, म्हणून खालचा कोळसा राख होत नाही. शेवटचा थर पेटून धूर थांबला की भरपूर साध्या पाण्याने विझवा, नुसतं शिंपडू नका. वाळलेल्या ५ किलो काडीतून साधारण १ किलो कोळसा मिळतो. विदर्भातल्यांना यात दुहेरी फायदा आहे: पऱ्हाटीचा ढीग बांधावर तसाच पडला तर त्यात गुलाबी बोंडअळी मुक्काम करते, तो असा मार्गी लागतो.

दोन इशारे. शहरात कचरा उघड्यावर जाळायला बंदी आहे, त्यामुळे गच्चीवर किंवा सोसायटीच्या मागे हा उद्योग करू नका. तयार माल घ्या. आणि बंद खोलीत, शेडमध्ये कोळसा पेटवायचा किंवा विझवायचा नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

२. माल तपासा

मूठभर कोळसा पाण्याखाली हातात चोळा. नुसत्या पाण्याने काळे डाग निघाले तर भाजणं पूर्ण झालंय. हात तेलकट वाटला, साबण लागला, तर आत डांबरासारखे अर्धवट जळालेले पदार्थ राहिले आहेत. असा कोळसा मुळांना बाधतो. तो पुन्हा भाजा किंवा चुलीत घाला. वाळलेला तुकडा फरशीवर टाकला तर काचेसारखा टणत्कार यायला हवा. आत तपकिरी लाकूड दिसलं तर ते भाजलेलं लाकूडच आहे, बायोचार नाही.

पाण्यावर तरंगतो म्हणून माल वाईट, असं मात्र समजू नका. छिद्रांत हवा असते, म्हणून चांगला कोळसाही एक-दोन दिवस तरंगतो.

३. भिजवा, मग कुटा

क्रम उलटा केला तर घर काळं होईल, आणि त्याहून वाईट म्हणजे बारीक भुकटी फुप्फुसात जाईल. आधी कोळसा गोणीत भरून गोणीसकट पाण्यात बुडवा, वर दगड ठेवा. २४ तास तरी राहू द्या. पाणी शिरायला अगदीच नकार देत असेल तर गरम पाणी वापरा. मग गोणी निथळून, तोंड बांधून, मोगरीने बडवा. मास्क तेव्हाही असू द्या.

ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंत, म्हणजे ३ ते ८ मिलिमीटर, हा बागेसाठी सोयीचा आकार. मोठे तुकडे आतपर्यंत मुरायला फार वेळ घेतात. पिठासारखी भुकटी चिकणमातीची छिद्रं बुजवते आणि कुंडीच्या तळाशी जाऊन निचरा अडवते. थोडी भुकटी असली तर बिघडत नाही. ती शेणखताच्या ढिगात टाकून द्या. सगळा माल मिक्सरमधून काढायचा मोह मात्र टाळा. मिक्सरची पाती जातात आणि भुकटीच हाती लागते.

४. राख धुवा

ड्रममध्ये २० लिटर माल घ्या, वर चार बोटं पाणी येईपर्यंत भरा, ढवळा, दोन तास ठेवा, पाणी ओता. पुन्हा एकदा. खड्ड्यातल्या मालाला तिसरी धुणी लागू शकते. मग सामू बघा: एक वाटी कोळसा, पाच वाट्या आरओचं पाणी, ढवळून तासभर थांबा आणि पट्टी बुडवा. ९ च्या वर असेल तर अजून एक धुणी. काळ्या मातीसाठी ८ च्या आसपास आणता आलं तर उत्तम. शेवटच्या पाण्यात लिटरभर आंबट ताक मिसळलं तर थोडी मदत होते. चमत्कार होत नाही.

धुणं चुकवलं तर नेमकं काय होतं ते समजून घ्या, कारण नवख्यांची सगळ्यात महागडी चूक इथेच होते. राखेमुळे सामू ९ च्या वर असलेल्या कोळशावर गोमूत्र, युरिया किंवा डीएपी ओतलं की त्यातलं नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातं. नाकाला झणका लागतो, आणि लोकांना वाटतं खत जोरात काम करतंय. प्रत्यक्षात खत हवेत चाललेलं असतं. गरम कोळसा गोमूत्राने विझवायची युक्तीही सांगितली जाते. तिच्यातही हेच घडतं, शिवाय ती वाफ डोळ्यांत जाते.

धुण्याचं पाणी पालाशयुक्त पण अल्कधर्मी असतं. काळ्या मातीतल्या झाडांना घालू नका. पालापाचोळ्याच्या ढिगावर ओता, किंवा जांभ्याच्या जमिनीत पाचपट पाणी घालून केळी-नारळाला द्या. कोकणात माती आंबट असल्याने धुण्याची पायरी एकदाच केली तरी चालते.

आता एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. धुतलेल्या कोळशाची छिद्रं पाण्याने भरलेली असतात. त्यावर लगेच खताचं पाणी ओतलं तर ते आत शिरायला जागाच नसते. म्हणून माल निथळून गोणपाटावर सावलीत दोन-तीन दिवस पसरा. वरून कोरडा, आतून दमट असा झाला की पुढे जा. हा मग पातळ खत झटक्यात ओढून घेतो.

५. काय पाजायचं

तीन मार्ग आहेत. वेळ असेल तर पहिलाच धरा.

*अ) शेणखत आणि जीवामृत.* आधी जीवामृत करा: १० लिटर पाण्यात शेण, गोमूत्र, किसलेला गूळ, बेसन आणि मूठभर माती कालवा. क्लोरीनचं नळाचं पाणी असेल तर ते रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. भांडं सावलीत, तोंडावर फडकं बांधून ठेवा. दिवसातून दोनदा ढवळा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच ढवळायचं असं सांगितलं जातं. दिशेपेक्षा हवा मिसळणं महत्त्वाचं. दोन-तीन दिवसांत फेस आणि आंबूस वास येतो, तेव्हा ते तयार. पुढच्या आठवडाभरात वापरून टाका.

नुसत्या जीवामृतात बुडवलेला कोळसा "चार्ज" झाला असं अनेकांना वाटतं. जीवामृतात जिवाणू भरपूर, पण नत्र-स्फुरद-पालाश अगदी थोडं. कोळशाची छिद्रं भरायला त्याने भागत नाही. म्हणून सोबत घन खत हवंच. ताडपत्रीवर २० लिटर कोळसा पसरा, त्यावर ३० ते ४० लिटर कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, निंबोळी पेंड आणि हाडांचा चुरा टाका, फावड्याने तीन वेळा खालीवर करा आणि जीवामृत थोडं थोडं शिंपडत ओलावा आणा. किनारपट्टीवर निंबोळी पेंडीऐवजी वाळक्या मासळीची कुटी वापरता येते. शेजाऱ्यांचा विचार करून.

शेणखत कच्चं असेल तर त्यात हुमणीची अंडी-अळ्या येण्याची शक्यता असते, आणि त्या मऊ दमट ढिगात त्या आनंदाने वाढतात. पावसाळ्याच्या तोंडाला हे विशेष जपा. चाळून घेतलेलं, मातीचा वास येणारं खतच घ्या.

*आ) कंपोस्टच्या सुरुवातीलाच.* घरी ओल्या कचऱ्याचं कंपोस्ट करत असाल तर वेगळा खटाटोप कशाला? कचऱ्याच्या आकारमानाच्या १० टक्के, फार तर २० टक्के भिजवलेला कोळसा थर लावतानाच मिसळा. दुर्गंधी कमी होते, उडून जाणारा अमोनिया कोळसा धरून ठेवतो, आणि दोन-तीन महिन्यांत कंपोस्ट आणि बायोचार एकदमच तयार होतात. कंपोस्टमधून निघालेल्या कोळशावर सेंद्रिय पदार्थांचं एक पातळ अस्तर चढतं आणि अन्नद्रव्यं धरायची त्याची ताकद त्या अस्तरामुळे वाढते, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पातळ खतात दोन दिवस बुडवून हे अस्तर मिळत नाही, म्हणून घाईच्या मार्गापेक्षा हा मार्ग सरस.

गांडूळ खताच्या बेडमध्ये टाकत असाल तर कोळसा चिंब ओला हवा आणि प्रमाण १० टक्क्यांच्या आत. कोरडा कोळसा गांडुळांच्या अंगातलं पाणी ओढतो. ती बेडच्या कडेला गोळा होतात किंवा पळून जातात.

*इ) विद्राव्य खत.* फ्लॅटमध्ये शेण-गोमूत्र शक्य नसेल तर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम १९:१९:१९ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद, पालाश यांच्या टक्क्यांचे) विरघळवून त्यात निथळलेला कोळसा २४ ते ४८ तास बुडवा. कोळशाचा सामू अजून चढा असेल तर त्याऐवजी १२:६१:०० जास्त बरं, कारण ते आम्लधर्मी आहे. पण त्यात स्फुरद फार असल्याने १० लिटरला २५ ग्रॅमच घ्या. १३:००:४५ या कामाला नको. त्यातलं नत्र नायट्रेट स्वरूपात असतं, कोळसा ते नीट धरत नाही आणि पहिल्याच पाण्यात ते वाहून जातं. युरियाही नको. उरलेलं पाणी फेकू नका, पाचपट पाणी मिसळून झाडांना द्या. या मार्गात जिवाणू येत नाहीत, म्हणून मातीत घालताना कोळशाइतकंच गांडूळ खत मिसळा.

६. मुरत ठेवा

पहिल्या मार्गाचा ढीग सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी, ओल्या गोणपाटाखाली ठेवा. मूठ दाबली तर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, धार नको. दर आठवड्याला एकदा खालीवर करा आणि कोरडं वाटलं तर पाणी किंवा उरलेलं जीवामृत शिंपडा. कमीत कमी तीन ते चार आठवडे. दोन महिने मिळाले तर फारच छान.

ढीग काय सांगतो ते नाकाने कळतं. पावसाळी मातीचा वास आणि कोळशावर पांढरे तंतू दिसले तर सगळं व्यवस्थित चाललंय. झणझणीत अमोनिया आला तर राख नीट धुतलेली नाही किंवा पेंड जास्त झाली. वाळका पाला आणि थोडं ताक मिसळा, दोन दिवस रोज उलथा. कुजका, गटारासारखा वास आला तर पाणी जास्त झालंय, पसरून वाळवा. काहीच वास नाही, आणि ढीग हातात खडखडीत लागतो, म्हणजे तो कधीच सुकला आणि मुरणं थांबलं. उन्हाळ्यात हे सर्रास होतं, आणि "महिनाभर ठेवला होता" असं म्हणणाऱ्यांचा ढीग प्रत्यक्षात आठवडाभरच ओला असतो.

पावसाळ्यात उघडा ठेवलेला ढीग म्हणजे पाजलेलं सगळं धुऊन काढणं. ताडपत्री टाका, पण चारी बाजूंनी दाबून हवाबंद करू नका. वेळापत्रकच लावायचं तर फेब्रुवारी-मार्चमध्ये काड्या वाळतात तेव्हा कोळसा करा, एप्रिलमध्ये मुरायला घाला आणि मेअखेर, पहिल्या पावसाआधी, वाफ्यात मिसळा.

७. सगळ्या वाफ्याला लावण्याआधी चाचणी

दोन जुन्या डब्यांत सारखी माती भरा. एकात दहा टक्के मुरवलेला बायोचार मिसळा, दुसऱ्यात काही नाही. दोन्हींत दहा-दहा बिया पेरा आणि पंधरा दिवस बघा. लोक सवयीने मूग पेरतात. मूग चालेल तो फक्त विषारी अंश आहे का हे बघायला, कारण दाण्यातल्या साठ्यावर आणि मुळांवरच्या गाठींवर त्याचं भागतं. नत्राची ओढाताण तो दाखवत नाही. त्यासाठी मुळा किंवा मोहरी पेरा. बायोचारच्या डब्यातली रोपं फिकी आणि बुटकी राहिली तर ढीग अजून तीन आठवडे मुरू द्या. उगवणच कमी झाली तर क्षार किंवा डांबर हे कारण. एक धुणी द्या आणि तरीही फरक पडला नाही तर तो माल बागेत नको.

८. मातीत घालणं

प्रमाणात गोंधळ होऊ नये म्हणून खालचे सगळे आकडे फक्त कोळशाचे धरा. तुम्ही एक भाग कोळसा आणि दोन भाग खत असं मिश्रण केलं असेल तर तिप्पट मिश्रण घालायचं.

वाफ्याला दर चौरस मीटरला ४ ते ५ लिटर, म्हणजे साधारण १ किलो. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत निम्मंच. वरच्या १० ते १५ सेंटिमीटर मातीत मिसळा, कारण भाजीपाल्याची बरीच मुळं तिथेच असतात. वर नुसता पसरून ठेवू नका: उन्हात वाळतो, वाऱ्याने उडतो, आणि पहिल्या वळवाच्या सरीत तरंगत कुंपणापलीकडे जातो.

कुंडीत मातीच्या ५ ते १० टक्के. १२ इंची कुंडीत १२ ते १५ लिटर माती मावते, तिला सव्वा ते दीड लिटर ही वरची मर्यादा समजा. लावलेल्या कुंडीत घालायचा असेल तर मुळं उकरत बसू नका. कडेने जाड सळईने चार-पाच भोकं पाडा, त्यात मिश्रण भरा आणि पाणी द्या. बाकीचं पुढच्या वेळी कुंडी बदलताना.

फळझाडांना खोडाजवळ घालून उपयोग नाही. फांद्यांचा घेर जमिनीवर जिथे संपतो तिथे एक फूट रुंद, सहा ते आठ इंच खोल चर काढा. लहान झाडाला २ ते ३ लिटर, मोठ्या आंब्या-नारळाला १० लिटर. एका वर्षी अर्धा घेर, दुसऱ्या वर्षी उरलेला अर्धा, असं केलं तर मुळांना एकदम इजा होत नाही. संत्रा-मोसंबीला चुनखडीच्या जमिनीत लोहाची कमतरता आधीच सतावत असते, तिथे हे करू नका.

घातल्यावर पहिल्या महिन्यात नेहमीचं खत बंद करायचं नाही. बायोचार खताची जागा घेत नाही, घातलेलं खत वाहून जाण्यापासून थोडं वाचवतो. पाणी मात्र बोटाने माती तपासूनच द्या, विशेषतः कुंडीला. सवयीने रोज तेवढंच दिलं तर मुळं कुजतात.

घालून झाल्यावर पानं पिवळी पडली तर

खालची जुनी पानं एकसारखी पिवळी झाली तर नत्राची कमतरता आहे, कोळसा अर्धवट मुरला होता. चौरस मीटरला मूठभर निंबोळी पेंड आणि लिटरभर जीवामृत आठवड्याच्या अंतराने दोनदा द्या; दोन-तीन आठवड्यांत नवी वाढ हिरवी येते. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर सामू चढलाय. तिथे नत्र ओतून काही होत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी करा आणि त्या जागी राख, चुना पूर्ण बंद ठेवा. पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसल्या तर क्षार जास्त झाले. कुंडीच्या तळातून निथळेपर्यंत दोनदा भरपूर साधं पाणी द्या.

शेतात वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: उगवणीपूर्वीची तणनाशकं बायोचार शोषून घेतो आणि त्यांचा परिणाम घटतो. त्या पट्ट्यात निंदणीची तयारी ठेवा.

उरलेला माल

मुरवलेला बायोचार थोडा ओलसर, हवेशीर गोणीत, सावलीत ठेवला की सहा महिने तरी छान राहतो. हवाबंद पिशवीत आतले जिवाणू गुदमरतात. कोरा, ताजा भाजलेला कोळसा साठवण्याआधी पुन्हा एकदा पाण्यात बुडवून घ्या. वरून थंड वाटणाऱ्या ढिगात निखारा तासन् तास जिवंत राहू शकतो, आणि ताज्या कोरड्या कोळशाचा मोठा ढीग स्वतःहूनही तापतो. भाजल्यानंतर पहिले दोन दिवस तो गोठ्यापासून, गंजीपासून आणि गाडीच्या डिकीपासून लांबच असू द्या.

आणि कोणत्या वाफ्यात किती लिटर गेला ते वहीत लिहून ठेवा. शेणखत दरवर्षी घालतो त्या सवयीने बायोचारही दरवर्षी घातला जातो, पण हा कुजत नाही, जमिनीत दीर्घकाळ टिकतो. एकूण प्रमाण मातीच्या १० टक्क्यांवर पोचलं की त्या वाफ्यापुरता तो थांबवा, कारण जास्त झालेला कोळसा चाळून बाहेर काढायची सोय नाही.